दाराआडची बोली

नळाला पाणी आलं की अव्वा मोरीतून ओरडायची, तशी ती त्या दिवशीही ओरडली. दोनच शब्द. सुकन्यानं ते ऐकले, परातीतली कणीक तशीच टाकली आणि पिठाळ हातांनी घागर उचलून धावली. लातुरात नळ आठवड्यातून एकदा दर्शन देतो, कधी तेवढंही नाही, त्यामुळे या धावपळीत नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत कानटोपी घालून बसलेल्या गुरुलिंगला आपल्या आईचे, अव्वाचे, ते दोन शब्द कळले नाहीत. चांगले खणखणीत ऐकू आले होते. तो उठून मोरीच्या दाराशी गेला. आत अव्वा आणखी काही बोलली, लांबलचक, आणि सुकन्या खळखळून हसली. मग तिला दारात नवरा दिसला आणि तिचं हसू विझलं. अव्वानं पदर नीट केला आणि पाठ फिरवून बादलीकडं बघत राहिली. “काय म्हणाली अव्वा?” त्यानं विचारलं. “पाणी आलं म्हणाल्या,” सुकन्या म्हणाली. “तेवढ्यावर एवढं हसायचं?” घागर भरून वाहत होती, तिनं ती बाजूला सरकवली. गुरुलिंग परत खुर्चीत येऊन बसला. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि एकदा चुकचुकलेली पाल गप्प बसत नाही, हे ऑपरेशननंतरच्या या दीड महिन्यात त्याला चांगलं कळून चुकलं होतं.

त्याचा हिशेब सरळ होता. कानडी त्याला येत होती. निलंग्याच्या पलीकडं, पार सीमेला टेकलेल्या गावात तो जन्मला होता, आणि त्या गावातल्या लिंगायतांच्या घरात कानडीच चालायची. तेव्हा जे कळलं नाही ते कानडी नसणार. मराठीचा तर प्रश्नच नव्हता, मराठीवर त्याचं पोट होतं. मग उरली तेलुगू. सुकन्याचं माहेर देगलूरचं, तिकडं अर्धा बाजार तेलुगूत चालतो, आणि लग्नानंतर भावाशी फोनवर ती कधीमधी तेलुगूत बोलायचीही. म्हणजे सासू-सुनांनी संगनमत करून एक चोरटी भाषा काढली होती, त्याच्यापासून काहीतरी लपवायला. अव्वा या वयात तेलुगू कधी शिकली, हा प्रश्न त्याला पडला होता. पण संशयी माणसाला आडवे येणारे प्रश्न बाजूला सारता येतात. लपवायचं काय, तेही उघड होतं. डोक्यातली गाठ पूर्ण निघालेली नव्हती, हेच.

गाठ सापडली ती अहमदपूरच्या एका सत्कार समारंभात. गुरुलिंग कॉलेजात मराठी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात जिल्ह्यातल्या निम्म्या समारंभांचं सूत्रसंचालन करायचा. त्याचा आवाज आणि त्याचे स्वच्छ उच्चार यांची तारीफ लातूरपासून नांदेडपर्यंत होती. त्या दिवशी पाहुण्यांचं नाव ओठांवर आलं आणि तिथूनच कुठंतरी घरंगळून गेलं. तोंडाचा उजवा कोपरा थरथरायला लागला. लोकांना वाटलं, सर भारावलेत; त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नांदेडचं ते मोठं नवं इस्पितळ, तपासण्या, आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेला तो पांढुरका ठिपका, मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला गोचिडासारखा चिकटलेला. “तुम्हाला जागं ठेवून काढू,” डॉक्टर म्हणाले होते. “तुम्ही बोलत राहायचं, आम्ही काढत राहू. जिथं तुमचा शब्द अडेल तिथं आम्ही थांबू.” तेव्हा तो हसून म्हणाला होता, की बोलत राहणं हा तर माझा धंदाच आहे. पण रात्री त्याला झोप आली नव्हती. मरणाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. उद्या उठलो आणि जोडाक्षर फुटलंच नाही तर? स्टेजवर गेलो आणि तोंडातून नुसता लाळेसारखा आवाज गळाला तर?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक मुलगी आली होती. बोलण्या-बिलण्याच्या तपासणीची. लुंबिनी मॅडम म्हणायचे सगळे तिला. किनवटकडची होती, हसरी होती, हातात चित्रांची पाटी होती. तिनं विचारलं, “सर, भाषा कोणकोणत्या येतात? घरी कोणती बोलता?” गुरुलिंग ताठ बसला. “मराठी. घरी, दारी, स्वप्नात, मराठीच. हिंदी कामापुरती, इंग्रजी वाचण्यापुरती.” तिनं पुन्हा विचारलं, “घरी पण मराठीच ना, सर? नीट सांगा बरं का, ज्या भाषा सांगाल त्याच आम्ही आत जपू.” “घरी पण,” तो म्हणाला. सुकन्या शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. दाराबाहेरच्या बाकावर अव्वा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो खोटं बोलला असंही नाही. घरातली ती बोली, अव्वाशी बोलायची, ती त्यानं कधी भाषांमध्ये धरलीच नव्हती. घरात घालायच्या जुन्या चपला कुणी चपलांच्या मोजणीत धरत नाही, तसं. शिवाय निलंग्याच्या शाळेतलं पहिलं वर्ष त्याच्या अंगात कुठंतरी रुतून बसलेलं होतं. मास्तर त्याला उभं करून वाचायला लावायचे आणि त्याच्या एकेका उच्चारावर वर्ग फिदीफिदी हसायचा. कानडी आप्पा, कानडी आप्पा. त्या हसण्यानंच त्याला मराठीचा प्राध्यापक केलं, असं त्याचं मत होतं. लिंबाच्या झाडाखाली एकटा बसून तो चाकातला च आणि झाडातला झ घोटायचा, जीभ दुखेपर्यंत. आता इतक्या वर्षांनी, किनवटच्या पोरीसमोर, भादरलेल्या डोक्यानिशी तो परत आप्पा व्हायला तयार नव्हता.

आणि मग ऑपरेशनच्या खोलीतला तो हिरव्या कापडांचा तंबू. डोकं लोखंडी चिमट्यात, कवटीच्या कातडीत टोचलेली इंजेक्शनं, आणि मागून येणारा एक घरघराट, जो ऐकू येण्यापेक्षा दाढांत जाणवत होता. समोर फक्त लुंबिनीचा चेहरा आणि चित्रं. हे काय, सर? हा बैल. हे? ही विहीर. हे? आणि अचानक समोर कंदील होता, तो कंदील आहे हे त्याला ठाऊक होतं, त्याचा रॉकेलचा वास नाकात होता, पण शब्दाच्या जागी नुसती पोकळी. “थांबा,” मागून डॉक्टर म्हणाले, “इथं चिठ्ठी लावा.” मेंदूच्या त्या ठिकाणी विजेचा स्पर्श केला होता; काढला की शब्द परत. कंदील, कंदील, कंदील! त्याला ओरडावंसं वाटलं. अशा बऱ्याच चिठ्ठ्या लागल्या. जिथं चिठ्ठी ती जागा राखायची, जिथं चिठ्ठी नाही तिथून सुरी जायची. मधेच तोंडाचा कोपरा उडायला लागला, मग गाल, मग अख्खा उजवा हात. “फिट येतेय, गार पाणी आणा,” असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा स्वतःच्या विचारांवर गार पाणी ओतलेलं अनुभवलं. त्यानंतरचं त्याला आठवत नाही. ते न आठवणं हीच संशयाची मुळी होती. त्या वेळात काय झालं? घाबरून त्यांनी अर्ध्यातच शिवून टाकलं असेल का? डॉक्टर म्हणतात पूर्ण काढली, साधी होती, घातक नव्हती. पण डॉक्टर असं म्हणताना सुकन्याकडं बघत होते.

घरी आल्यापासून त्याच्या लक्षात एकेक गोष्ट येत गेली. सगळ्यात मोठी ही, की अव्वा त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट ठेवायची, कपाळावर हात ठेवायची, तो हात थोडा वेळ तसाच राहायचा, आणि मग ती उठून आत जायची. तोंडाला जणू कुलूप. जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे बायाबापड्यांना सुचत नाही, हे त्यानं गावात पाहिलं होतं. आजोबा शेवटचे पडून होते तेव्हा सगळ्या बाया अशाच मुकाट्यानं त्यांच्या अंगावरून हात फिरवायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे फोन. सुकन्याला नांदेडहून फोन यायचा आणि ती तो घेऊन गॅलरीत जायची. तिसरी, गावाहून चुलतभाऊ शेषेराव आला तो. अव्वाशी तो तासभर दारामागं काहीबाही बोलत बसला, आणि बाहेर आल्यावर त्यानं गुरुलिंगच्या खांद्यावर नुसतं थोपटलं. “बरं हाय ना आता? बोलून राहिलास की झकास,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. झकास बोलणाऱ्या माणसासाठी कुणाचे डोळे भरून येतात का? म्हणजे आता शेषेरावही त्यांच्यात सामील होता, आणि तोही तेलुगू शिकला होता! इथं खरं तर गुरुलिंगच्या हिशेबाला तडा जायला हवा होता. पण ज्याच्या डोक्याला नुकतंच भोक पाडून झालंय त्यानं आपल्या डोक्यावर शंका घ्यावी, एवढी हिंमत कुणात असते?

दुपारी दोघींना वाटायचं तो झोपलाय. तो झोपलेला नसायचा. स्वयंपाकघराच्या दाराला कान लावून, भिंतीला धरून उभा असायचा, वयाच्या पन्नाशीत चोरासारखा. आतून ती चोरटी भाषा यायची, पाण्याखाली दगड घासल्यासारखी, आणि मधूनच तिच्यातून मराठी शब्द वर यायचे. “दुखतं का,” अव्वा म्हणायची. पुन्हा, “दुखतं का.” मग तिकडचं काहीतरी. मग “डोकं.” “डोकं दुखतं का.” त्याच्या डोक्याबद्दल बोलत होत्या. पुन्हा दुखायला लागेल, तेव्हा काय करायचं, त्याची तयारी चालली होती. एकदा तर अव्वा “झोप, बाळा, झोप” असं लागोपाठ म्हणत राहिली, हळू, जपल्यासारखं, आणि सुकन्या “हां, हां, तसंच” म्हणाली. त्याला वाटलं, दोघी त्याच्या मरणाची तालीम करतायत.

त्या संध्याकाळी त्यानं सुकन्याला धरलंच. “खरं सांग. गाठ राहिलीय ना आत?” ती भाजी निवडत होती. “न्हाई हो. देवाशपथ न्हाई.” “मग काय लपवताय माझ्यापासून?” तिचा हात मेथीच्या काडीवर थांबला, क्षणभरच, पण त्याला तेवढा पुरला. “काई लपवून न्हाई राहिलो,” ती म्हणाली आणि तिनं डोळे वर केले नाहीत. त्याला राग आला, पण रागाखाली एक जुनं, पोरकं काहीतरी होतं. त्याला शाळेचं फाटक आठवलं. सगळी पोरं हसल्यावर तो रडत फाटकाशी आला होता आणि अव्वा बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन नेमकी तिथं पोचली होती. तिनं पाटी खाली ठेवली, पदरानं त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, ‘हसू दे त्यांना. तुझं तोंड तुझं आहे, ते कुणाचं नाही.’ अगदी स्वच्छ, नितळ मराठीत म्हणाली. आठवणीतली अव्वा नेहमी अशीच शुद्ध मराठी बोलायची, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. तेव्हा एवढं बोलणारी ही बाई आता माझ्याशी एक शब्द का बोलत नाही, एवढंच त्याला वाटलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोनमध्ये आवाज भरून घ्यायची कळ दाबली, फोन फडताळात लाह्यांच्या डब्यामागं ठेवला आणि झोपायला गेल्याचं सोंग केलं. चार वाजता फोन खिशात घालून तो ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणत बाहेर पडला, ते थेट कोर्टात. व्यंकट वकील त्याचा कॉलेजातला दोस्त, बिलोलीकडचा. घरी तेलुगू, कोर्टात मराठी, चहाच्या टपरीवर दखनी उर्दू. पत्र्याच्या शेडखाली त्याचं टेबल होतं. “अरे ये ये, मास्तर,” तो म्हणाला, “टोपी लई शोभून राहिली.” गुरुलिंगनं इयरफोन त्याच्या हातात दिले. “हे ऐक आणि शब्द न् शब्द मला सांग. काही लपवू नको. तुझ्या तेलुगूत काय चाललंय आमच्या घरात, मला कळलंच पाहिजे.” व्यंकटनं कानात घातलं. थोडा वेळ त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, मग हसला. “अरे, ही तेलुगू कुठं हाय? येड्या, ही कानडी हाय. तुमची, निलंग्याकडची.” आणि मग त्यानं गुरुलिंगच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू खाली आलं. “गुरू,” तो म्हणाला, “तुला कळंना का हे?”

“थट्टा करू नको,” गुरुलिंग म्हणाला. व्यंकटनं इयरफोनचं एक बोंड त्याच्या कानात घातलं, एक आपल्या कानात ठेवलं. “मला मोडकीतोडकी येती, सीमेवरच्या औरादचे पक्षकार असतात. ऐक. म्हातारी इचारून राहिली, ‘जेवलास का’ याला मराठीत कसं म्हणावं. वहिनी सांगून राहिली. म्हातारी म्हणून बघती. बघ, चुकली. परत म्हणती.” आवाज चालू राहिला. ‘डोकं दुखतं का,’ अव्वा म्हणाली, पाठ केलेल्या पोरासारखी. मग लांबलचक काहीतरी, आणि तिचा आवाज फाटला. “काय म्हणाली?” “म्हणती...” व्यंकटनं चष्मा काढला. “म्हणती, मी बोलले अन् पोराला कळलं न्हाई तर त्याला लागंल. त्याच्या ध्यानात यायच्या आधी मी शिकून घेते. म्हातारपणी शिकलं म्हणून काय जीभ झिजती का.”

एक क्षण गुरुलिंगला वाटलं, व्यंकटही त्यांना सामील आहे. ती शेवटची पळवाट होती, आणि तिच्यातून पळून बघावं म्हणून त्यानं मनात एक साधी गोष्ट केली. पाण्याला कानडीत काय म्हणतात, ते आठवायला गेला. नेहमीच्या फडताळात हात घालावा आणि तिथं फडताळच नसावं, तसं झालं. बैल, विहीर, आई, ये, जा, ऊन. काही नाही. तंबूतल्या कंदिलासारखं, पण इथं कुणी विजेची सुई काढून घेणार नव्हतं, आणि चिठ्ठीही लागलेली नव्हती. त्यानंच लावू दिली नव्हती. मग त्याला फाटकातली अव्वा आठवली, पाटी खाली ठेवून नाक पुसणारी, आणि तिच्या तोंडची ती नितळ मराठी. अव्वाला मराठी येत नव्हती. कधीच येत नव्हती. बाजारात भाव विचारण्यापुरती समजायची, एवढंच. तिचं ते सगळं बोलणं, एकूणएक, त्याच्या डोक्यात कुणीतरी दुसऱ्याच आवाजात भरून ठेवलं होतं. खरं ती काय म्हणाली होती? कुठल्या शब्दांत? टपरीवाला चहा ठेवून गेला, तो दोघांनीही घेतला नाही.

घरी सुकन्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं फोन पुढं ठेवला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. “शुद्धीवर आलात तवा अव्वा बोलल्या तुमच्याशी,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलं त्यांच्याकडं, अन् गुंगीतच नर्सला विचारलं, या बाई काय म्हणतायत. तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं न्हाई तुमच्यापुढं. मला म्हणाल्या, सांगू नको त्याला, आधीच लई सोसलंय त्यानं. डॉक्टर म्हणतात येईलही परत, ऐकून ऐकून. न्हाईबी येणार. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो तवा विचारते मी.” मग ती रडायला लागली. “त्या पोरीनं दोनदा विचारलं होतं. मला ठाऊक होतं. मी का गप बसले?” त्याला म्हणायचं होतं, की दोष तुझा नाही, माझा आहे. पण इतक्या स्वच्छ उच्चारांच्या माणसाला तेवढंही बोलता आलं नाही. तो तिच्या शेजारी फरशीवर बसला.

त्यानंतर नळ आला तेव्हा गुरुलिंग खुर्चीतच होता. मोरीतून आरोळी आली नाही. अव्वा ओले पाय पुसत बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि शाळेत उभं केलेल्या पोरासारखी बोलली. “गुरू. पाणी आलंय. तू... जेवलास का?” प्रत्येक शब्द तिनं वेगळा, जपून ठेवला, नवी भांडी फळीवर मांडावीत तसा. गुरुलिंगला भडभडून आलं. “अव्वा, असं नको,” तो म्हणाला. “मोरीतून ओरडतेस तसं म्हण. तुझं म्हण.” तिला तेवढी मराठी समजली. तिनं सुनेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, घाबरून, जणू तिच्या बोलण्यानं त्याचे टाके उसवतील. मग हळूच म्हणाली, “नीर बंदाव.”

“नीर बंदाव,” तो म्हणाला. तिनं मान हलवली. चुकलं होतं. तिनं ओल्या हातानं त्याची हनुवटी धरली, घास भरवताना धरायची तशी, आणि पुन्हा म्हणाली. त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिला हसू फुटलं आणि दात नसलेल्या तोंडानं ती हसत राहिली, आणि मग ती बोलायलाच लागली. इतके दिवस तुंबलेलं सगळं एका दमात, त्याच्या कानटोपीवर हात ठेवून. ती रागावत होती की लाड करत होती, की गावाकडचं काही सांगत होती, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. सुकन्या मोरीच्या दारात उभी होती. तिच्याकडं बघितलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्यानं बघितलं नाही. तो अव्वाच्या तोंडाकडं बघत ऐकत राहिला. आत बादली भरून पाणी फरशीवरून वाहून चाललं होतं, लातुरात हे पाप समजतात, पण कुणी नळ बंद करायला उठलं नाही.